भिंतीला एक खिडकी: जुन्या पेठेत पायी का जगता येतं

आमच्या घरापासून चक्की एकशे चाळीस पावलांवर आहे आणि गुजरी, म्हणजे भाजीबाजार, दोनशे साठ पावलांवर. ही पावलं आईची. तिचं वय ७२, दोन्ही गुडघे दुखरे, एक पाऊल जेमतेम दीड फुटाचं. ज्वारीचा डबा मी सकाळी चक्कीवर ठेवून येतो, पण दळण लागायच्या वेळेला ती स्वतः तिथे हजर असते. "बारीक दळ बाबू, नाहीतर भाकर तुटते," एवढं सांगितल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. तिथून गुजरी, गुजरीतून मारोतीचा पार. वाटेत कोणाच्या तरी ओट्यावरून हाक येते, "काय वो काकू, इतक्या उन्हाच्या कुठी निंगाल्या? बसा जराक." ती बसते. घरी यायला तास होतो.

पेठेत परत येण्याआधी सहा वर्षं आम्ही बायपासला लागून असलेल्या एका लेआऊटमध्ये, म्हणजे वावरात प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, राहिलो. पंधराशे फुटांचा प्लॉट, समोर चाळीस फुटी रस्ता, अंगणात गाडी, बोअरचं पाणी. घराबद्दल तक्रार नव्हती. पण त्या सहा वर्षांत आई हळूहळू घरात बसत गेली. आधी चक्की सुटली, मग मंदिर, मग कोणाकडे हळदीकुंकवाला जाणं. मी समजत होतो, वय झालं. दोन वर्षांपूर्वी पेठेतल्या वाड्यातला आमच्या वाटणीचा भाग दुरुस्त करून आम्ही परत आलो, आणि तिसऱ्या महिन्यात एक दिवस ती एकटीच गुजरीत जाऊन पाव किलो वांगी आणि दहा रुपयांचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन आली. वय वाढलंच होतं, गुडघे तेच होते.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. तालुक्याच्या गावातल्या जुन्या वस्तीत माणसं पायी फिरतात, याला आपण सवय म्हणतो, जुन्या लोकांची शिस्त म्हणतो. माझं मत आता वेगळं झालं आहे. घरं किती दाट आहेत, दुकान किती जवळ आहे, रस्ते एकमेकांना मिळतात की नाही, गाडी किती वेगाने जाते, दुपारनंतर सावली कुठे पडते, हे सगळं फूटपट्टीने मोजता येतं. हे जमून आलेलं असलं की माणूस चालतो. नसलं की धडधाकट माणूसही दोनशे मीटरसाठी गाडीला किक मारतो.

पाच मिनिटांचं वर्तुळ

साधारण तब्येतीचा माणूस पाच मिनिटांत ४०० मीटर चालतो. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन नियोजनकाराने १९२९ मध्ये न्यूयॉर्कसाठी वस्तीचा एक आराखडा मांडला होता. त्यात प्राथमिक शाळा मध्यभागी आणि कोणतंही घर तिथून पाव मैलापेक्षा, म्हणजे ४०० मीटरपेक्षा, फार लांब नाही, असं गणित होतं. आजही जगभर शहरं आखणारे याच अंतरापासून सुरुवात करतात. म्हाताऱ्या माणसाला हेच अंतर आठ-नऊ मिनिटं घेतं आणि मध्ये कुठे तरी बसायला लागतं, हे मी त्यात आमच्या घरच्या अनुभवावरून जोडतो.

आता घराभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढा. त्यात साधारण ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर जमीन येते. प्रश्न एवढाच, की त्या सव्वाशे एकरात घरं किती?

लेआऊटचा हिशेब करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, साधारण तिसरा हिस्सा रस्त्यात जातो. उरलेल्या पंचवीस हजार फुटांत पंधराशे फुटांचे सोळा प्लॉट पडतात. पण आमच्या लेआऊटमध्ये त्यातले अर्धे रिकामेच होते. कोणी पुण्याला नोकरीला, कोणी पोरीच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला, कोणी भाव वाढायची वाट पाहत. म्हणजे एकरी आठ घरं. सव्वाशे एकरात हजार, तेही सगळी जमीन लेआऊटखाली आली असेल तर. प्रत्यक्षात मध्येमध्ये तुरी-कपाशीचं वावर होतंच.

पेठेत आमच्या गल्लीतली घरं पंधरा बाय चाळीस फुटांची, एकमेकांना भिंती लागलेली. मंदिर, मशीद, विहीर, दोन-चार मोठे वाडे, बोळी हे सगळं वजा करूनही एकरी तीस घरं सहज निघतात. त्याच वर्तुळात पावणेचार हजार घरं झाली.

आमच्या गल्लीतला किराणावाला म्हणतो, दीडशे घरं कायमची गिऱ्हाईक असली तर दुकान चालतं. हजार घरांच्या वर्तुळात अशी पाच-सहा दुकानं होतील आणि ती पांगलेली असतील. पेठेत पंचवीस होतात, शिवाय चक्की, शिंपी, सायकलवाला, पानठेला, औषधाचं दुकान, इस्त्रीवाला. दुकान जवळ असण्यामागे कोणाचा मोठेपणा नसतो, मागे घरांची संख्या असते. लेआऊटमध्ये आमच्या कोपऱ्यावर एकाने हौसेने किराणा टाकला होता. आठ महिन्यांत शटर पडलं. तो माणूस मेहनती होता, हिशेबाचा पक्का होता. आजूबाजूला घरंच नव्हती, त्याला तो काय करणार?

आणखी एक गोष्ट पेठेत आपोआप घडते. घर वरती आणि दुकान खाली, किंवा समोर दुकान आणि मागे छपरी, सैपाकघर, विहीर. कापडाच्या लाईनीतला व्यापारी, सोनार, तेलघाणीवाला यांचं कामाचं ठिकाण आणि राहायचं ठिकाण एकच होतं. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामकऱ्यांना विचारलं होतं, कामाला कसे जाता? देशभरात साधारण साडेचार कोटी लोकांनी पायी जातो असं सांगितलं आणि सहा कोटींच्या आसपास लोकांना प्रवासच करावा लागत नव्हता. मोटारगाडीने जाणारे पन्नास-पंचावन्न लाख होते. गावं मात्र आपण त्या पन्नास-पंचावन्न लाखांचा विचार करून आखतो.

धुऱ्यावरची भिंत

माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, आणि प्लॉट घेताना कोणी तो पाहत नाही.

आमच्या लेआऊटच्या मागच्या भिंतीपलीकडे जिल्हा परिषदेची शाळा होती. गच्चीवरून पोरांची प्रार्थना ऐकू यायची. सरळ रेषेत दीडशे मीटर. पण जायचं तर आधी लेआऊटच्या फाटकापर्यंत, मग बायपासने, मग पलीकडच्या लेआऊटच्या फाटकातून आत. अकराशे मीटर. त्यातले चारशे मीटर ट्रक धावणाऱ्या रस्त्याच्या कडेने. आमच्या ओळीतली एकही आई पोराला पायी पाठवत नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

असं का झालं? कारण लेआऊट गावाचा पडत नाही, वावराचा पडतो. एक शेतकरी किंवा एक बिल्डर आपल्या गटाचं एनए, म्हणजे बिगरशेती, करून घेतो, आपल्या गटात रस्ते आखतो आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, आला की थांबतो. पलीकडचं वावर दुसऱ्याचं. ते पाच वर्षांनी पडेल तेव्हा तो त्याचे रस्ते त्याच्या सोयीने आखेल. दोघांच्या मध्ये धुऱ्यावर भिंत. भिंत असली की जाहिरातीत ‘सुरक्षित परिसर’ असं लिहिता येतं. असे दहा लेआऊट शेजारीशेजारी पडले की नकाशावर ती वस्ती दिसते, पण चालणाऱ्या माणसासाठी ते दहा वेगवेगळे खिसे असतात, आणि प्रत्येक खिशाचं तोंड त्या एका मोठ्या रस्त्यावर.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याखाली गावाची विकास योजना होते, ती साधारण वीस वर्षांसाठी असते, आणि त्यात लेआऊटांना जोडणारे रस्ते आखलेले असतात. आपण त्यांना डीपी रोड म्हणतो. पण रेघ मारणं वेगळं आणि जमीन ताब्यात घेणं वेगळं. नगर परिषदेकडे मोबदल्याचे पैसे नसतात. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर ते आरक्षण संपतं. त्या शेतकऱ्याचं यात काही चुकत नाही, त्याची जमीन का म्हणून अडकवून ठेवायची? पण डीपी रोड असा अर्ध्यात तुटतो आणि मग पुढची पन्नास वर्षं सगळे वळसा घालतात.

जुनी गावं याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती असं मी म्हणतो, ते कौतुकाने नाही, पुराव्याने. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या जुन्या गावाच्या चार वेशी आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. रस्ता जिकडे जातो त्याचं नाव वेशीला. मोठा रस्ता वेशीपर्यंत आला की आत त्याच्या गल्ल्या होतात, गल्लीच्या बोळी होतात, आणि बोळ फिरून पुन्हा दुसऱ्या गल्लीला मिळते.

अमरावतीचं उदाहरण मला त्याहून आवडतं. तिथला परकोट निजामाच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. हेतू संरक्षणाचा, पेंढाऱ्यांची भीती. म्हणजे खरोखरच भिंत लागत होती असा तो काळ. तरीही त्या भिंतीत मोठ्या गेटांच्या जोडीला खिडक्या ठेवल्या. खिडकी म्हणजे कोटातलं लहान दार. बंडी (बैलगाडी), घोडा गेटातून जाणार, पायी माणूस खिडकीतून. अमरावतीत आजही लोक पत्ता सांगताना माता खिडकी, पटेल खिडकी, छत्रपुरी खिडकी, खुनारी खिडकी म्हणतात. दरोडेखोरांच्या भीतीने कोट बांधणाऱ्यांनाही कळत होतं, की पाण्याला, देवीला, बाजाराला निघालेल्या माणसाला गेटापर्यंत वळसा घालायला लावू नये. आपण आज पेंढारी नसताना भिंती बांधतो आणि खिडकी विसरतो.

घर किंवा प्लॉट पाहायला जाल तेव्हा एक सोपी परीक्षा करा. शाळा, किराणा, एसटी थांबा या तिन्हींचं सरळ रेषेतलं अंतर मोबाईलच्या नकाशावर मोजा आणि मग प्रत्यक्ष वाटेचं मोजा. पेठेत आमच्याकडे दीडशे मीटरला एकशे नव्वद पडतात. वाट सरळ अंतराच्या दुपटीहून जास्त निघाली तर समजा, त्या घरात राहून तुम्ही चालणार नाही. कितीही ठरवलं तरी.

बंडीच्या मापाची गल्ली

पेठेतल्या गल्ल्या बंडीच्या मापाच्या आहेत. एक भरलेली बंडी जाईल आणि शेजारून माणूस निघेल, एवढी रुंदी. यालाच आपण ‘अरुंद’ म्हणून नावं ठेवतो.

रस्ता माणसाला वेग सांगतो. बारा मीटरचा सिमेंटचा सरळ मोकळा रस्ता समोर दिसला की पोरगा पन्नासच्या खाली गाडी चालवत नाही, तिथे पाटी कोणतीही लावा. पंधरा फुटांच्या गल्लीत पुढे वळण आहे, ओट्यावर माणूस बसला आहे, हातठेला उभा आहे, गाय आहे. हात आपोआप ब्रेकवर जातो. वीस किलोमीटरच्या वर कोणी जाऊच शकत नाही.

याचं महत्त्व शाळेतल्या विज्ञानात आहे. गाडीतली धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वीसचे चाळीस झाले की धडक दुप्पट नाही, चौपट होते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती.

म्हणून गल्लीत वेगळा फुटपाथ लागत नाही. जिथे वेग वीसच्या आत आहे तिथे पूर्ण गल्ली हाच फुटपाथ. तो लागतो मेन रोडला, चौकात, स्टँडसमोर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे सहा इंच. आमच्या मेन रोडला नालीवर फरशा टाकून जो फुटपाथ केला आहे, तो दीड फूट उंच आहे. त्यावर आई चढूच शकत नाही, ती खालून, गाड्यांमधून चालते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यातला ‘वापरण्याजोगा’ हा शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

तपनीचं गणित

विदर्भात पायी चालण्याबद्दल लिहायचं आणि उन्हाबद्दल नाही, असं होऊ शकत नाही. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, मे महिन्यात ४५ अंश ही काही बातमी नसते.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच, नागपूर-अमरावतीला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्या वेळी पेठ काय आणि लेआऊट काय, सावली कुठेच नसते. गाव झोपतं, कूलर चालतात. फरक पडतो तो चार वाजता.

चार वाजता सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असतो. वीस फूट उंच दुमजली घराची सावली तेव्हा सव्वीस-सत्तावीस फूट लांब पडते. गल्ली पंधरा फुटांची. म्हणजे पूर्ण गल्ली सावलीत, आणि समोरच्या घराच्या भिंतीचा खालचा भागही. चारच्या सुमारास आमच्या गल्लीत बाया ओट्यावर येऊन लसूण सोलत बसतात, तो या भूमितीचा परिणाम आहे. लेआऊटमध्ये बारा फूट उंच घराची सावली सोळा फूट. त्यातले दहा फूट स्वतःच्याच कंपाऊंडमध्ये गेले, चाळीस फुटी रस्त्यावर सहा फुटांची पट्टी उरली. सिमेंटचा रस्ता दिवसभर तापलेला, तो रात्री नऊपर्यंत वाफा सोडतो.

हे उत्तर-दक्षिण गल्लीचं झालं. पूर्व-पश्चिम गल्लीत मावळतीचं ऊन सरळ आत घुसतं, तिथे भिंत कामाला येत नाही. तिथे कडुलिंबाचं झाडच पाहिजे. आमच्या शेजारच्या गल्लीत असं एक होतं, नाली रुंद करताना कापलं. त्या गल्लीतले ओटे आता सहा वाजेपर्यंत रिकामे असतात.

खेड्यावरून आलेला माणूस

पेठ पायी फिरण्याजोगी असण्याचा सगळ्यात जास्त फायदा पेठेत राहणाऱ्यांना होत नाही. तो होतो खेड्यावरून आलेल्या माणसाला, आणि हिशेबात त्यालाच कोणी धरत नाही.

आईची मावसबहीण अठरा किलोमीटरवरच्या खेड्यातून गुरुवारच्या बाजाराला येते. आम्ही तिला मावशी म्हणतो. नऊच्या एसटीने उतरली की तिचा दिवस ठरलेला असायचा. आधी बँक, मग तहसीलच्या सेतूमध्ये काही दाखला असला तर तो, कृषी केंद्रात काकांनी लिहून दिलेलं औषध, डोळ्याच्या डॉक्टरकडे नंबर, मग बाजार, मग आमच्याकडे चहा आणि चारची एसटी. सहा कामं, एक तिकीट. स्टँड, तहसील, बँका, बाजार हे सगळं सात-आठशे मीटरच्या आत होतं म्हणून हे जमायचं. नियोजनाच्या भाषेत याला काहीही म्हणोत, मावशी म्हणते, "एका चकरीत समदं व्हाचं."

मग तहसील कार्यालय नव्या इमारतीत गेलं. इमारत चांगली आहे, मोठी आहे, समोर गाड्या लावायला मैदान आहे. पण ती बायपासवर, स्टँडपासून तीन किलोमीटर. ऑटोला जायचे वीस, यायचे वीस, आणि ऑटो भरेपर्यंत अर्धा तास. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यात मावशीचे जेवढे वाचले तेवढे ऑटोत गेले. त्याहून वाईट म्हणजे वेळ गेला. आता तहसीलचं काम असलं की बाजार होत नाही, बाजार केला की तहसील राहतं. तिला दोन गुरुवार लागतात. एक रोजी बुडते ती वेगळीच.

गावाच्या मधली कचेरी बाहेर हलवताना आपण जमिनीची किंमत धरतो, बांधकामाचा खर्च धरतो, पार्किंग धरतो. आजूबाजूच्या चाळीस खेड्यांतल्या माणसांच्या वाढलेल्या चकरा कोणत्याच कागदावर येत नाहीत. आल्या असत्या तर स्वस्त वाटलेली जागा महाग निघाली असती.

गुजरीचंही तेच. भाजी घेऊन बसणाऱ्या बाया पहाटेच्या गाडीने खेड्यांतून येतात. ‘रहदारीला अडथळा’ म्हणून गुजरी गावाबाहेर न्यायची चर्चा आमच्याकडे दर दोन वर्षांनी होते. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा अशा नैसर्गिक बाजारांना ओळखतो, आणि पन्नास वर्षांहून जुन्या बाजाराला वारसा बाजार समजून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असं सांगतो. आमची गुजरी आईच्या लग्नाच्या आधीपासूनची आहे. हे नगर परिषदेच्या बैठकीत कोणीतरी उठून सांगायला हवं. यंदा मी सांगणार आहे.

पेठेचं दुखणं

पेठेत सगळं चांगलं आहे असं मी सांगणार नाही. आमच्या गल्लीत अँब्युलन्स येत नाही. वडिलांना शेवटच्या वेळी खुर्चीत बसवून चौघांनी चौकापर्यंत नेलं होतं, ते मी विसरलेलो नाही. आगीचा बंब तर लांबच. नाली उघडी, पाणी चार दिवसांआड, जुन्या मातीच्या भिंतींना ओल. आणि गाडी ठेवायला जागा नाही, ती ठेवतो आम्ही मित्राच्या जिनिंगच्या आवारात.

पण पेठ ओस पडते ती या कारणांनी कमी आणि कागदांनी जास्त. एका वाड्याच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावर, आजोबांच्या पिढीची नावं, आता वारस तीस. कोणी अकोल्याला, कोणी सुरतेला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय दुरुस्तीला कर्ज मिळत नाही. त्यात जागा नझूलची असेल तर आणखी अवघड. नागपूर आणि अमरावती विभागांत इंग्रजांच्या काळापासून सरकारी मालकीच्या अशा जमिनी भाडेपट्ट्यावर दिलेल्या आहेत. घर तुमचं, खालची जमीन सरकारची. पट्ट्याची मुदत संपलेली असली की बँक दारातही उभी करत नाही. मग वाडा पडू देणं आणि लेआऊटमध्ये प्लॉट घेणं हाच सोपा रस्ता उरतो, कारण एनए प्लॉटला कर्ज चार दिवसांत मिळतं. माणसं हौसेने बाहेर गेली नाहीत, कागदाने त्यांना बाहेर ढकललं.

आमच्या वाटणीचा कागद व्हायला अडीच वर्षं लागली. चुलत भावांनी समजूतदारपणा दाखवला म्हणून झाला.

अँब्युलन्सच्या प्रश्नावर लोकांचं नेहमीचं उत्तर असतं, रस्ता रुंद करा. म्हणजे दोन्ही बाजूंचे ओटे आणि पाच-पाच फूट घर कापा. मला ते पटत नाही. गल्लीच्या तोंडाशी चौकात गाडी उभी न राहू देणं, स्ट्रेचर वळेल एवढा एखादा कोपरा गोल करणं, विजेचे खांब भिंतीवर घेणं, याने बरंच काम होतं. रुंद केलेल्या गल्लीत दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना चारचाकी उभ्या राहतात आणि अँब्युलन्स तरीही येत नाही. मेन रोडच्या बाबतीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि लेआऊटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? सगळे काही पेठेत परत येऊ शकत नाहीत, येऊ नयेतही, जागाच नाही. पण भिंतीला खिडकी पाडता येते.

आमच्या जुन्या लेआऊटमध्ये मागच्या उन्हाळ्यात ती पाडली. आमच्या वेळी दोनदा कोणीतरी रात्री विटा काढल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्या पुन्हा बसवल्या गेल्या. या वेळी ओळीतल्या सात-आठ बाया दोन्हीकडच्या प्लॉटधारकांकडे घरोघर गेल्या. चोर येतील, मोटरसायकली घुसतील, या दोन शंका होत्या. शेवटी ठरलं: तीन फूट रुंदीची फट, मध्ये लोखंडी पाइप आडवा-उभा असा रोवलेला, की माणूस आणि पोरगं निघेल, गाडी निघणार नाही. वर एक दिवा. खर्च सगळा मिळून पाच हजारांच्या आत आला, तो वर्गणीतून झाला.

मी पाहायला गेलो तेव्हा शाळा सुटायची वेळ होती. एक दुसरीतला पोरगा दप्तर आधी पलीकडे टाकून मग पाइपाखालून निघाला, गरज नसताना. पलीकडच्या बाजूला मात्र जमीन खोलगट आहे, पावसाळ्यात तिथे काळ्या मातीचा घोट्याएवढा चिखल होणार. मृगाच्या आधी एक ट्रॉली मुरूम टाकायचा आहे.